वेदनोपचार, आभासी वास्तवाद्वारे

संगणकाच्या साहाय्याने निर्माण केलेल्या त्रिमितीय दृश्यसृष्टीत रुग्णाचे चित्त काही काळ गुंतवून त्याची वेदना सौम्य करण्याच्या पद्धतीस आभासी वास्तवाद्वारे होणारा वेदनोपचार असे म्हणतात. ही पद्धत औषधविरहित असून ती मुख्यत्वे पूरक उपचार म्हणून वापरतात. वेदनेस कारणीभूत असलेला मूळ रोग तिने बरा होत नाही. भाजलेल्या रुग्णांच्या जखमा स्वच्छ करताना होणारी तीव्र वेदना हे या पद्धतीचे आरंभीचे कार्यक्षेत्र होते. पुढे पाठीचे जुनाट दुखणे, छेदन केलेल्या अवयवाच्या जागी जाणवणारी वेदना, दात्रकोशिका रोगातील वेदना इ. दीर्घकालीन विकारांतही तिचा उपयोग होऊ लागला. महाराष्ट्राच्या दृष्टीने यांपैकी दात्रकोशिका रोग, म्हणजेच लोकव्यवहारातील ‘सिकलसेल’, विशेष महत्त्वाचा आहे. नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजांत या रोगाचे प्रमाण मोठे असून आयुष्यभर पुनःपुन्हा उद्भवणारी वेदना हे त्याचे प्रमुख लक्षण आहे. यास्तव प्रस्तुत नोंदीत या उपचारपद्धतीची तत्त्वे व तिचा आजवरचा अनुभव सांगून नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात तिचा विचार केला आहे.

वेदनेचे स्वरूप : वेदना म्हणजे इजा झालेल्या भागाकडून मेंदूकडे जाणारा केवळ एक निरोप, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. तीनुसार इजा जितकी मोठी तितकी वेदना अधिक असावयास हवी. प्रत्यक्षात तसे आढळत नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम केलेले अमेरिकन शुद्धिहरणतज्ञ हेन्री बीचर यांनी १९४६ मध्ये असे नोंदविले, की गंभीर जखमा झालेल्या सैनिकांपैकी बऱ्याच जणांनी वेदनाशामक औषधाची मागणीच केली नाही. रणांगणातून जिवंत सुटल्याच्या भावनेचा त्यांच्या वेदनेवर परिणाम झाला असावा, असे अनुमान त्यांनी काढले. उलट, कोणतीही दृश्य इजा नसताना असह्य वेदना होणारे रुग्णही वैद्यांच्या नित्य परिचयाचे असतात.

या विसंगतीचा उलगडा करण्याच्या दृष्टीने रॉनल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेला द्वार-नियंत्रण सिद्धांत महत्त्वाचा ठरला. या सिद्धांतानुसार मेरुरज्जूमध्ये वेदनेच्या संदेशांसाठी जणू एक दार असते. स्पर्शाचे संदेश वाहून नेणारे जाड तंत्रिका-तंतू ते लोटून घेतात, तर वेदनेचे संदेश वाहून नेणारे बारीक तंतू ते उघडतात. ठेच लागताच आपण तो भाग सहजपणे चोळतो व त्याने बरे वाटते, ते यामुळेच. मेंदूकडून खाली येणारे संदेशही या दारावर नियंत्रण ठेवतात. भीती, एकाकीपणा व वेदनेची सततची अपेक्षा यांनी ते अधिक उघडते. लक्ष अन्यत्र असणे, निर्धास्तपणा व विश्वास यांनी ते काही अंशी मिटते. सिद्धांताच्या तपशिलात पुढे अनेक फेरफार झाले. तथापि वेदना घडण्यात मेंदूचा सक्रिय सहभाग असतो, हे त्याचे सार टिकून राहिले. वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये केलेल्या व २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येतही वेदनेस संवेदनात्मक व भावनात्मक असा दुहेरी अनुभव मानले आहे.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेस दीर्घकालीन वेदना म्हणतात. अल्पकालीन वेदना धोक्याची सूचना देते व इजा भरून आली की थांबते. दीर्घकालीन वेदनेत मात्र तंत्रिका तंत्रच अतिसंवेदनशील बनते आणि सूचनेचे प्रयोजन संपल्यावरही वेदना चालू राहते. झोपमोड, हालचालींची भीती, स्नायूंचा अशक्तपणा व खिन्नता यांची तिला जोड मिळते आणि त्यांतील प्रत्येक गोष्ट वेदना आणखी वाढवते. हे दुष्टचक्र केवळ गोळ्यांनी तुटणे कठीण असते. अफूजन्य औषधांची दीर्घकाळ घेतलेली मात्रा हळूहळू अपुरी पडू लागते व त्यांच्या आहारी जाण्याचा धोकाही असतो. औषधविरहित उपायांचा शोध याच अडचणीतून सुरू झाला.

साधने : आभासी वास्तवाच्या साधनांत हेडसेट हे मुख्य होय. ते डोळ्यांवर चष्म्याप्रमाणे, परंतु बाहेरचे काहीही दिसणार नाही अशा रीतीने बसवतात. त्यातील पडद्यावर प्रत्येक डोळ्यासाठी किंचित वेगळे चित्र उमटते आणि मेंदू त्या दोहोंच्या मेळातून खोलीचा भास निर्माण करतो. डोके वळवले की त्याची गती व दिशा टिपली जाऊन चित्रही तत्क्षणी त्याच प्रमाणात वळते. कानांवर आवाज येत असतात आणि हातातील साधनाने दृश्यातील वस्तू हलवता येतात. या सर्वांमुळे आपण चित्राकडे पाहत नसून चित्राच्या आत आहोत, अशी भावना निर्माण होते. या भावनेस सान्निध्यभाव म्हणता येईल. वेदनाशमनाच्या दृष्टीने हा भाव हीच या साधनाची खरी शक्ती आहे.

अमेरिकन चित्रपटतंत्रज्ञ मॉर्टन हायलिग यांनी १९६२ मध्ये दृश्य, ध्वनी, वास व कंप एकत्र देणाऱ्या यंत्राचे एकस्व मिळवले. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर बसवावयाचा संगणकीय दर्शक तयार केला. तो इतका जड होता, की छताला टांगावा लागे. १९८० नंतरच्या दशकात जॅरन लॅनियर यांच्यामुळे या तंत्राचे इंग्रजी नाव रूढ झाले. दीर्घकाळ ही साधने फार महाग होती व त्यांचा वापर वैमानिकांच्या शिक्षणासारख्या क्षेत्रांपुरता मर्यादित होता. २०१० नंतरच्या दशकात मोबाइल फोनसाठी लहान व सुस्पष्ट पडदे मोठ्या प्रमाणावर बनू लागल्यामुळे हेडसेट स्वस्त व हलके झाले आणि रुग्णशय्येपर्यंत पोहोचले.

वेदना कमी होण्यामागील क्रिया : माणसाची अवधानशक्ती मर्यादित असते. वेदना ही स्वभावतःच लक्ष वेधून घेणारी असल्याने मोकळे अवधान तिच्याकडेच जाते. आभासी दृश्यसृष्टीत पाहणे, ऐकणे, वळणे व काही कृती करणे या सर्वांसाठी अवधान खर्च होते आणि वेदनेच्या वाट्याला कमी उरते. साधे चलच्चित्र पाहण्यानेही असे थोडेफार घडते. परंतु तेथे रुग्णालयाची भिंत, सुई व मलमपट्टीचे साहित्य डोळ्यांआड होत नाही. निरोगी स्वयंसेवकांना उष्णतेची बेताची वेदना देऊन केलेला मेंदूचा चुंबकीय प्रतिमाभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. आभासी दृश्यात गुंतले असताना थॅलॅमस, इन्सुला व बाह्यकातील संवेदनाक्षेत्रे यांसह वेदनेशी संबंधित अशा पाच भागांतील हालचाल घटल्याचे त्यात दिसून आले. म्हणजे रुग्ण केवळ भिडेखातर ‘बरे वाटते’ म्हणत नसून मेंदूतील प्रक्रियेतच फरक पडतो.

दीर्घकालीन वेदनेत मात्र केवळ चित्त वळवणे पुरेसे नसते, कारण रुग्ण दिवसभर हेडसेट लावून राहू शकत नाही. येथे आभासी वास्तवाचा उपयोग शिक्षणासाठी करतात. संथ श्वसन, स्नायू सैल सोडणे, वेदनेविषयीच्या भीतिदायक विचारांची पारख करणे व हालचालींची धास्ती क्रमाक्रमाने घालवणे ही कौशल्ये दृश्यांच्या आधारे शिकवली जातात. उदा., रुग्णाचा श्वास संथ झाला, की समोरचे झाड पालवते. श्वास उथळ झाला, की पालवी मंदावते. एरवी न दिसणारी शरीरक्रिया अशा प्रकारे दृश्य झाल्याने ती आटोक्यात आणणे सोपे जाते. शिकलेले कौशल्य हेडसेट काढून ठेवल्यावरही रुग्णाजवळ राहते, हा त्याचा विशेष लाभ होय.

उपयोगाचा विकास : अमेरिकेतील सीॲटल येथे वॉशिंग्टन विद्यापीठातील हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात भाजलेल्या रुग्णांवर या पद्धतीचे प्रयोग केले. भाजलेल्या जखमेची रोजची सफाई इतकी वेदनामय असते, की प्रबळ औषधे देऊनही ती पुरेशी शमत नाही. या रुग्णांसाठी त्यांनी ‘स्नो वर्ल्ड’ नावाची बर्फाळ दरीची दृश्यसृष्टी खास तयार करवून घेतली. तीत तरंगत जाणारा रुग्ण हिमगोळे फेकत राहतो. आगीच्या आठवणीपासून मन शक्य तितके दूर नेणे, हा बर्फाची निवड करण्यामागील हेतू होता. या प्रयोगांचे पहिले निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या औषधांना आभासी वास्तवाची जोड दिल्यास वेदना व तिच्या विचारात जाणारा वेळ ही दोन्ही घटतात, असे पुढील अभ्यासांतही दिसून आले.

हात वा पाय कापावा लागल्यानंतर तो अवयव अद्याप असून दुखत आहे, असा अनुभव अनेकांना येतो. मूळ भारतीय असलेले तंत्रिकावैज्ञानिक व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० नंतरच्या दशकात साध्या आरशाच्या साहाय्याने या वेदनेवर उपाय दाखवला. धड हाताचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसले, की मेंदूची समजूत पटून काही रुग्णांची वेदना कमी होते. आभासी वास्तवात हेच काम संगणकीय अवयवाकडून करून घेतात.

पाठीच्या खालच्या भागातील दीर्घकालीन वेदनेवरील घरी वापरावयाच्या एका आभासी वास्तव उपकरणास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये मान्यता दिली. हा आठ आठवड्यांचा, ५६ सत्रांचा कार्यक्रम असून एक सत्र २ ते १६ मिनिटांचे असते. मान्यतेसाठी आधारभूत मानलेल्या चाचणीत १७९ व्यक्ती सहभागी होत्या. उपचाराच्या अखेरीस उपचारगटातील ६६ टक्के व्यक्तींची वेदना ३० टक्क्यांहून अधिक कमी झाली. तुलनेसाठी सपाट दृश्ये दाखवलेल्या गटात हे प्रमाण ४१ टक्के होते. या आकड्यांचा अर्थ दुहेरी आहे. त्रिमितीय अनुभवातून दिलेल्या शिक्षणाचा लाभ स्पष्ट दिसतो. त्याचबरोबर रोज ठरावीक वेळ शांत बसणे, कोणीतरी आपल्या दुखण्याची दखल घेत आहे हा दिलासा व बरे वाटण्याची अपेक्षा यांचाही वाटा मोठा असतो, हे दुसऱ्या गटावरून कळते. साधनांची कमतरता असलेल्या प्रदेशात हा दुसरा अर्थ ध्यानात ठेवणे विशेष अगत्याचे आहे.

नंदुरबार जिल्हा व दात्रकोशिका रोग : नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी (धडगाव) हे त्याचे सहा तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ६९ टक्के होते. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, गावित, धानका इ. जमाती येथे राहतात. अक्राणी व अक्कलकुवा हे तालुके सातपुड्याच्या डोंगररांगांत वसलेले असून तेथील पाडे विखुरलेले आहेत. नर्मदेच्या जलाशयाकाठच्या काही गावांना बोटीतून चालणाऱ्या दवाखान्यांचा आधार घ्यावा लागतो.

दात्रकोशिका रोग हा रक्ताचा आनुवंशिक विकार आहे. शिकागो येथील जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या कोशिका पाहिल्या. दात्र म्हणजे विळा, यावरून हे नाव पडले. लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये या रोगाचे मूळ हीमोग्लोबिनाच्या रेणूत असल्याचे दाखवले आणि व्हर्नॉन इंग्रॅम यांनी १९५६–५७ मध्ये त्यातील नेमका दोष शोधून काढला. हीमोग्लोबिनाच्या बीटा शृंखलेत सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन हे ॲमिनो अम्ल असते, एवढाच तो बदल होय. तथापि त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला, की हीमोग्लोबिनाचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दांड्या बनतात व कोशिका विळ्यासारखी वाकते. माता-पित्यांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेली व्यक्ती वाहक असते व सामान्यतः निरोगी राहते. दोघांकडूनही आल्यास रोग होतो. माता व पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्यास रोग होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकांना हिवतापाच्या घातक प्रकारापासून संरक्षण मिळते, असे ए. सी. ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले. हिवतापग्रस्त अरण्यप्रदेशांत हे जनुक टिकून राहण्याचे कारण त्यावरून समजते.

भारतात हा विकार प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत आढळला. महाराष्ट्रातील पहिल्या नोंदी १९५८ मध्ये नागपूर येथून शुक्ल व सोळंकी यांनी केल्या. पुढे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी राज्यातील आदिवासी जमातींची विस्तृत पाहणी केली. या कार्याबद्दल त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री हा सन्मान लाभला. त्यांच्या पाहणीत भिल्ल, पावरा, माडिया, परधान इ. जमातींत या सदोष हीमोग्लोबिनाचे प्रमाण २० ते ३५ टक्के आढळले. यातील बहुसंख्य व्यक्ती वाहक असतात. तथापि गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ व नंदुरबार या जिल्ह्यांत प्रत्यक्ष रुग्णांची संख्याही प्रत्येकी पाच हजारांहून अधिक असावी, असा अंदाज करण्यात आला आहे.

रोगातील वेदना : विळ्याच्या आकाराच्या ताठर कोशिका केशिकांमध्ये अडकतात व पुढील भागाचा रक्तपुरवठा तुटतो. त्यामुळे हाडे, सांधे, पाठ, छाती वा पोट यांत अकस्मात तीव्र कळा सुरू होतात. अशा प्रसंगास वेदनासंकट म्हणतात. तान्ह्या मुलांत हातपाय सुजणे हे त्याचे पहिले रूप असते. थंडी, ताप, पाण्याची कमतरता व अतिश्रम ही त्याची नेहमीची निमित्ते होत. सातपुड्यातील कडक हिवाळा, डोंगरातून डोक्यावरून पाणी आणण्याचे कष्ट आणि दक्षिण गुजरातेत ऊसतोडीसाठी होणारे हंगामी स्थलांतर पाहता ही सर्व निमित्ते नंदुरबारच्या जीवनक्रमातच आहेत. वारंवारच्या संकटांनी मांडीच्या हाडाचे डोके झिजून खुब्याचे कायमचे दुखणे जडते. काही रुग्णांत तंत्रिका तंत्र अतिसंवेदनशील बनून दोन संकटांच्या मधल्या काळातही वेदना थांबत नाही. अशा रीतीने अल्पकालीन व दीर्घकालीन या दोन्ही वेदना एकाच रुग्णात एकत्र येतात.

भारतातील रुग्णांत अरब–भारतीय म्हणून ओळखला जाणारा जनुकगट आढळतो. त्यात गर्भावस्थेतील हीमोग्लोबिनाचे प्रमाण अधिक राहत असल्याने रोग आफ्रिकेतील काही प्रकारांच्या मानाने सौम्य मानला जातो. तथापि ही सौम्यता सरासरीची आहे. प्रत्येक रुग्णाची नव्हे.

या वेदनेचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की ती दिसत नाही. जखम नसते, पुष्कळदा सूज नसते, क्ष-किरणचित्र निर्दोष असते आणि वेदनासंकटाची खात्री पटवणारी रक्ताची चाचणी उपलब्ध नाही. रुग्णाचा शब्द हाच एकमेव पुरावा असतो. त्यामुळे शेतावर तो कामचुकार ठरतो, आश्रमशाळेत आळशी ठरतो आणि दवाखान्यात वारंवार औषध मागणारा म्हणून संशयास पात्र होतो. रुग्णाची भाषा भिली, पावरी वा मावची व उपचारकाची मराठी असल्यास वेदनेचे वर्णनही अर्धवट पोहोचते. ज्या वेदनेवर विश्वासच ठेवला जात नाही, तिच्यासोबत भीती व एकाकीपणा वाढतो आणि द्वार-नियंत्रण सिद्धांतात सांगितल्याप्रमाणे वेदनाही वाढते. म्हणून रुग्णाचे म्हणणे खरे मानणे ही या रोगात केवळ सौजन्याची बाब नसून उपचाराचा भाग आहे.

मूळ उपचार : वेदनासंकटात पुरेसे द्रव पदार्थ, ऊब, जरूर तेथे ऑक्सिजन व वेदनेच्या प्रमाणात वेदनाशामके देतात. वेदना तीव्र असल्यास मॉर्फीन आवश्यक ठरते. मादक द्रव्यविषयक १९८५ च्या कायद्यामुळे त्याची उपलब्धता फार आक्रसली होती; २०१४ च्या दुरुस्तीने काही अत्यावश्यक अफूजन्य औषधांची परवाना पद्धत सुलभ करण्यात आली. हायड्रॉक्सियूरिया हे औषध गर्भावस्थेतील हीमोग्लोबिनाचे प्रमाण वाढवते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत त्याने वेदनासंकटांची संख्या जवळजवळ निम्म्याने घटली. हे औषध गोळीच्या रूपात घ्यावयाचे असून रक्ततपासणी करत ते दीर्घकाळ चालू ठेवावे लागते. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात दात्रकोशिका रोगाचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. २०४७ पर्यंत या रोगाचे निर्मूलन करणे हे त्याचे उद्दिष्ट असून आदिवासी भागांतील सात कोटी लोकांची तपासणी त्यात अभिप्रेत आहे. तपासणीने रुग्ण सापडतो. मात्र सापडलेल्या रुग्णाची वेदना त्यानंतरही आयुष्यभर चालू राहते व तिच्यासाठी वेगळी व्यवस्था लागते.

दात्रकोशिका वेदनेतील आभासी वास्तव : कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील बालरुग्णालयात वेदनासंकटात दाखल झालेल्या ३० तरुण व बालरुग्णांना समुद्रतळाचे आभासी दृश्य दाखवण्याचा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच लहान सत्रानंतर वेदनेची तीव्रता तसेच दुखणाऱ्या भागांची संख्या या दोहोंत घट आढळली. रुग्णसंख्या अल्प होती आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून हा निष्कर्ष आशादायक परंतु प्राथमिक समजला पाहिजे. शीर्षावर होणारी सुई टोचण्याची भीती, रक्त चढवताना घालवावा लागणारा वेळ आणि औषधाचा परिणाम सुरू होईपर्यंतचा अवधी, या प्रसंगी पद्धतीचा उपयोग होण्यासारखा आहे. खुब्याच्या वा पाठीच्या जुनाट वेदनेत पाठदुखीच्या कार्यक्रमासारखे कौशल्यशिक्षण अधिक योग्य ठरावे.

मर्यादा व दक्षता : हेडसेटमुळे काहींना चक्कर, मळमळ वा डोकेदुखी होते. डोळ्यांना दिसणारी गती व आंतरकर्णाला जाणवणारी स्थिरता यांतील विसंगती हे तिचे कारण होय. अपस्माराच्या रुग्णांत, तसेच डोक्याला इजा असताना वा उलट्या होत असताना हे साधन टाळतात. एकच हेडसेट अनेकांनी वापरावयाचे असल्यास प्रत्येक वापरानंतर त्याची सफाई आवश्यक असते. सर्वांत महत्त्वाची दक्षता अशी, की वेदना ही या रोगात धोक्याची सूचनाही असू शकते. ताप, छातीत दुखून दम लागणे, एका अंगाची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, प्लीहा एकाएकी वाढणे यांपैकी काहीही आढळल्यास तातडीने उपचार करणे अवश्य असते. अशा वेळी रुग्णाला दृश्यात गुंतवणे घातक ठरेल. तसेच आभासी वास्तवाने बरे वाटले, म्हणून वेदना खोटी होती असा निष्कर्ष काढणे पूर्णतः चुकीचे आहे. लक्ष वळवल्याने भाजलेल्या जखमेची वेदनाही कमी होते. त्यावरून जखम काल्पनिक ठरत नाही. हे साधन मॉर्फीन वा हायड्रॉक्सियूरिया यांना पर्याय नाही आणि औषधाच्या तुटवड्यावर पांघरूण घालण्यासाठी त्याचा उपयोग होता कामा नये.

स्थानिक उपयोजन : नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ही पद्धत आणावयाची झाल्यास काही गोष्टींचा विचार करावा लागतो. जिल्हा रुग्णालय व २०२० मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही तिच्या चाचणीची स्वाभाविक ठिकाणे होत. तेथे वीज, परिचारिका व वैद्यकीय देखरेख उपलब्ध असते. दृश्यांची भाषा रुग्णाची असली पाहिजे. शिकवणारा आवाज पावरी वा भिली बोलणारा असेल, तर सूचना समजण्यासाठी वेगळे श्रम पडणार नाहीत. परदेशांतील तयार दृश्ये जशीच्या तशी उपयोगी पडतीलच असे नाही. भाजलेल्या रुग्णास बर्फ सुखावतो; दात्रकोशिका रोगात मात्र थंडी हेच वेदनेचे निमित्त असल्याने बर्फाळ दरी येथे अयोग्य ठरेल. त्याऐवजी कोवळ्या उन्हातील सातपुड्याचा माळ, मोहाची झाडे, होळीच्या वेळचे ढोल व घुंगरू अशी परिचित व उबदार सृष्टी अधिक जवळची वाटेल.

पाड्यापर्यंत हेडसेट पोहोचले नाहीत, तरी या पद्धतीमागील तत्त्व पोहोचू शकते. संथ श्वसनाचे शिक्षण, चेहऱ्यांच्या चित्रांवरून वेदनेची प्रत ठरवणे, ऊब व पाणी यांची आठवण, वेदनेच्या वेळी मुलाला गोष्टीत वा गाण्यात गुंतवणे या गोष्टी आशा कार्यकर्ती, आश्रमशाळेचे अधीक्षक व घरातील माणसे शिकू शकतात. दुखणाऱ्या मुलास मांडीवर घेऊन गोष्ट सांगणारी आजी तत्त्वतः हेच करत असते. यंत्राने त्याला मोजमाप व सातत्य दिले. गोळी नियमित मिळणे, संकटकाळी मॉर्फीन उपलब्ध असणे व रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवला जाणे या तीन गोष्टींची पूर्तता झालेल्या ठिकाणी आभासी वास्तव ही उपयुक्त जोड ठरेल. त्यांच्या अभावी ते केवळ नवलाचे खेळणे राहील.